एकशे चाळीस किलो माझ्याकडेच राहिले

हात लावायच्या आधी जरा ऐकून घ्या. मी बोलतोय, वजनं उचलायचा बार. दोन्ही टोकांना लोखंडी प्लेटा चढवतात, मधे माणूस धरतो आणि मग आमचं दोघांचं जे काय व्हायचं ते होतं. प्लेटा बदलतात, माणसं बदलतात. मी तोच.

माझा जन्म एका कारखान्यातला. लेथवरच्या कारागिराने माझ्या मधल्या भागावर बारीक खरखरीत नक्षी कोरली, तिच्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, घाम आला तरी याच्यावरून हात सुटायचा नाही. जन्माला येताच असं प्रशस्तिपत्र मिळालं, तर कुणाचीही मान ताठ होईल. माझी तर आधीपासूनच ताठ होती.

पहिला मालक मात्र हौशी निघाला. थाटामाटात मला घरी आणलं, आरशासमोर ठेवलं, महिनाभर माझ्याशी झटापट केली. मग त्याचा खांदा दुखला, मग ऑफिसात काम वाढलं, मग विषयच संपला. त्याच्या बायकोने माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, यांनी घेतलेल्या वस्तूंपैकी कामाला आलेली ही एकच. ओल्या टॉवेलांनी माझ्या अंगावर गंजाचे ठिपके उमटले. अपमानाचं मला फारसं काही वाटलं नाही. पण बसून गंजण्यापेक्षा काम करून झिजलेलं बरं, एवढं तेव्हा कळलं.

तिथून मला आत्याने सोडवलं. आत्या म्हणजे माझी दुसरी मालकीण. रुंद खांद्यांची, केस बारीक कापलेली, बोलायला तिखट. तिने माझी टोकं गरागरा फिरवून बघितली, सुतार फळी बघतो तसं एक डोळा मिटून माझ्या अंगावरून नजर टाकली आणि म्हणाली, सरळ आहे, चालेल. तिची व्यायामशाळा म्हणजे एक जुनं गॅरेज. जमिनीवर तेलाचे काळे डाग, त्यांच्यावर रबरी चटया, आणि खिडकीतून समोरच्या हॉस्पिटलचं मागचं दार दिसायचं.

त्या दारातून रोज तिची भाची यायची. भाची नर्स होती, म्हणून व्यायामशाळेत सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. ड्यूटीचे बूट काढायची, सपाट तळाचे घालायची, हाताला खडूची पूड चोळायची आणि मला जमिनीवरून उचलायची. या उचलीला डेडलिफ्ट म्हणतात. तिचे हात मला सगळ्यांत आवडायचे. धरायची घट्ट, पण दुस्वासाने नाही.

आत्याची पद्धत ठरलेली. तीन आठवडे वजन चढवत न्यायचं, मग एक आठवडा उतार. त्या हलक्या आठवड्यात सगळेच कुरकुरायचे. कोपऱ्यात पाय ताणत बसणारा बेकरीवाला म्हणायचा, आत्या, एवढी वजनं तर मी पिठाची पोती म्हणून उचलतो. आत्या म्हणायची, मग पोती उचल, पैसे तरी मिळतील. सिस्टरची रात्रपाळी झालेली असली की आत्या आधी विचारायची, झोप किती झाली. उत्तर ऐकून मुकाट्याने माझ्यावरच्या दोन प्लेटा उतरवायची. सिस्टरचं तोंड एवढंसं व्हायचं.

आत्या एकदा तिला म्हणाली होती, "थकवा म्हणजे कंदिलाच्या काचेवरची काजळी. हलक्या आठवड्यात आपण काच पुसतो. उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण वात तेवढीच असते."

सिस्टरने मान डोलावली होती. मान डोलावणं सोपं असतं.

त्या वर्षी तिला मोठ्या संघात जायचं होतं. निवडीच्या स्पर्धेत तिच्या गटातून पहिल्या दोघीच घेणार होते. आदल्या वर्षी कंबर धरल्यामुळे तिला ऐनवेळी नाव मागे घ्यावं लागलं होतं, आणि ते तिला अजून बोचत होतं. यंदा महिनोन्‌महिने तिने आत्याचा शब्द खाली पडू दिला नाही. वजनं चढत गेली, ती थकत गेली, तरी सगळं गणिताप्रमाणे चाललं होतं. मग स्पर्धेच्या आधीचा हलका आठवडा आला.

आणि नेमकी त्याच आठवड्यात आत्या दाढ काढायला दाताच्या डॉक्टरकडे गेली.

दुपारची वेळ. व्यायामशाळेत चिटपाखरू नव्हतं. सिस्टरने ठरलेले हलके सेट केले. मी तिच्या हातात पिसासारखा वर जात होतो. तिने मला खाली ठेवलं, दाराकडे बघितलं आणि एक प्लेट वाढवली. मग आणखी एक. माझ्या टोकांवर लोखंड वाढत गेलं तशी ती मला धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. ती भीती नव्हती, शंका होती. स्पर्धेला चार दिवस उरले की वजन उचलणाऱ्या माणसाला एकच प्रश्न कुरतडतो: ताकद आहे ना? कुठे गेली तर नाही ना? बाकीच्या जगाला असले प्रश्न पडत नाहीत. आमच्या लोकांना पडतात, आणि ते नको तिथे उत्तर शोधतात.

एकशे चाळीस किलो. याआधी तिने कधीच उचलले नव्हते.

मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. पण माझं काम जड असणं, एवढंच. तिने श्वास भरला, पाठ सरळ केली, ओढलं. मी मधे वाकलो, टोकांशी क्षणभर रेंगाळलो आणि वर आलो. पूर्ण वर. ती ताठ उभी राहिली आणि रिकाम्या भिंतीकडे बघून हसली.

मला खाली ठेवताना तिच्या कंबरेत कळ आली. प्लेटा एवढ्या जोरात आदळल्या की खिडकीची काच थरथरली आणि बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. सिस्टरने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. मग तिने प्लेटा जागच्या जागी नेऊन ठेवल्या, एकेक करून, अगदी सावकाश.

दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन आत्या हजर. सिस्टर बुटाची नाडी बांधत होती. पण खाली न वाकता, पाय बाकावर ठेवून. आत्याने ते बघितलं.

"किती उचललंस काल?"

सिस्टर नाडीकडेच बघत राहिली. "एकशे चाळीस."

"गेलं?"

"गेलं."

"वा. म्हणजे स्पर्धा झाली तुझी. टाळ्या कुणी वाजवल्या, या बारने?"

"आहे की नाही ते बघायचं होतं गं आत्या. नुसतं बघायचं होतं."

"पेरलेलं रोज उकरून बघितलं तर उगवेल का, बाई?"

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, नाव मागे घेऊया, नाहीतरी माझ्या कंबरेच्या नशिबात तेच आहे. आत्याचा राग तिथेच ओसरला. ती बाकावर शेजारी बसली आणि विचारत गेली: पायात मुंग्या येतात का, कुठे बधिर वाटतं का, चालताना पाय ओढला जातो का. नाही, नाही, नाही. मग आत्या म्हणाली, कंबर हे काही काचेचं भांडं नाही. तू नर्स आहेस, असा पेशंट आला तर काय सांगशील? सिस्टरने नाक पुसलं आणि म्हणाली, अंथरुणाला खिळू नका आणि उड्याही मारू नका. मग झालं तर, असं म्हणून आत्या उठली.

तिने मला दोन लाकडी ठोकळ्यांवर चढवलं, म्हणजे सिस्टरला फार खाली वाकायला नको. टोकांना अगदी लहान प्लेटा लावल्या. दुखणं कुजबुजलं तर ऐकून घे, ओरडायला लागलं की थांब, एवढाच नियम. पहिल्या दिवशी सिस्टर मला असं उचलत होती, जणू मीच आजारी आहे. तिसऱ्या दिवशी ठोकळे निघाले. कळ होती, पण लहान झाली होती.

स्पर्धेला मी गेलो नाही. तिथले बार तिथलेच असतात, नवे, चकचकीत. तिथे काय झालं ते बेकरीवाल्याने येऊन सांगितलं, हातवारे करत. पहिली उचल आत्याने ठरल्यापेक्षा हलकी सांगितली, दुसरीही बेताची. तिसऱ्या, शेवटच्या उचलीचा आकडा सांगायला टेबलापाशी सिस्टर एकटी उभी. एकशे साडेबत्तीस उचलले तर दुसरा नंबर, एकशे चाळीस उचलले तर पहिला. तुझी कंबर, तुझा आकडा, एवढंच म्हणून आत्या मागे सरकली होती. टेबलावरचा माणूस पेन धरून वाट बघत होता. सिस्टरने कंबरेवर हात ठेवला, जसा पेशंटच्या कपाळावर ठेवतात, आणि साडेबत्तीस सांगितले.

उचलले. स्वच्छ. तीनही पंचांचे दिवे पांढरे, म्हणजे उचल मान्य. संघात नाव लागलं.

बेकरीवाला हळहळला, "एकशे चाळीस लावले असते तर पहिली आली असती."

"लावले असते की," आत्या म्हणाली. "उचलायला कोण गेलं असतं, तू?"

तेव्हा सिस्टर हसली, पण नंतर माझ्याजवळ येऊन माझ्या रिकाम्या टोकांवरून हात फिरवला. बेकरीवाल्याला ठाऊक नव्हतं, आम्हाला होतं. तो पहिला नंबर तिच्याकडे होता. तिने तो एका दुपारी रिकाम्या खोलीत खर्च केला. ते एकशे चाळीस किलो अजून माझ्याकडे आहेत, आणि माझ्या काही कामाचे नाहीत.

आता माझी मधली नक्षी झिजलीय, एक टोक फिरताना कुईकुई करतं. नवीन शिकणाऱ्यांसाठी मला ठेवायचं चाललंय. त्याचं दुःख नाही. संघाची मोठी स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे आणि सिस्टर अजून मलाच धरते. काल तिने हलके सेट संपवले, माझ्यावरचा हात काढला नाही, आणि म्हणाली, "आत्या, आज फारच हलकं लागतंय गं."

"लागू दे," आत्या म्हणाली.

सिस्टरने हाताची पूड झटकली, ड्यूटीचे बूट घातले आणि समोरच्या दाराने हॉस्पिटलात निघून गेली.

तुम्हीही या. भिऊ नका, मी कुणाला खात नाही. फक्त तुमच्यातलं सगळं एकाच दिवशी माझ्या अंगावर ओतू नका. थोडं घेऊन घरी जा, पोटभर जेवा, झोपा. मी पळून जात नाही. उद्या याल तेव्हाही मी इथेच असेन, आणि तेवढाच जड.