बाबांची विचारपूस

नियम लागू झाला त्याच सकाळी मी सायकल काढली. नवजात बाळाच्या घरी जाऊन आईच्या मनाची विचारपूस करायची, हे आम्हा नगरपालिकेच्या नर्सचं जुनंच काम. आता बाबांचीही करायची होती, आणि त्यासाठी मी साहेबांचं डोकं कितीतरी खाल्लं होतं. पायाला नुसती भिंगरी लागली होती.

पहिलं घर कुसाकांचं. बाळाच्या बाबाने, तोमोनारीने, दार उघडलं आणि घाईने वाकून नमस्कार केला.

"ओगाता-सान, तुमची फेरी फुकट गेली. चिझुरु बाळंतपणाला आकिताला माहेरी गेली, ती अजून तिथंच आहे."

"माहीत आहे. मी तुमच्याकडेच आलेय."

"माझ्याकडे? मी काय बाळंत झालोय?"

"हसा खुशाल. पण चहा तरी विचारा."

त्याने गार जवाचा चहा आणला. शेजारच्या बाईंनी मला जिन्यातच गाठून सांगितलं होतं, 'नवरा असावा तर असा. बायकोला म्हणतो, घाई करू नकोस, अजून महिनाभर आराम कर.' आमच्याकडे अशा नवऱ्याचं फार कौतुक. मीही केलं असतं. पण कोपऱ्यात बाळाचा पलंग अजून खोक्यातच होता, चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती.

मी ठरलेले प्रश्न सुरू केले. झोप? "छान." जेवण? "मस्त." माणूस घडाघडा उत्तरं देत होता.

"विनाकारण भीती वाटते?"

त्याने पेला खाली ठेवला.

"बाळ माझ्या हातून पडेल असं वाटतं," तो म्हणाला. "दिवसभर. ऑफिसातसुद्धा. आकिताला आहे तोवर ते सुखरूप आहे. म्हणून मीच तिला सांगतो, राहा अजून."

आणि तो रडायला लागला. खरं सांगते, मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी आनंदही झाला. कालपर्यंत आम्ही याचं दारही वाजवलं नसतं.

"उद्या डॉक्टरांकडे जायचं, मी सोबत येते," मी म्हणाले. "आणि हे चिझुरुला आत्ता सांगायचं."

"ती घाबरेल."

"घाबरू दे. लावा फोन."

त्याने अडखळत सगळं सांगितलं. पलीकडून बाळाची कुरकुर ऐकू येत होती.

"वेड्या," चिझुरु म्हणाली. "मला वाटत होतं, तुला आम्ही नकोच आहोत."

मी फोन मागून घेतला.

"चिझुरु-सान, तिकडच्या नर्सने विचारलंच असेल, तरी मी पुन्हा विचारते. झोप लागते का?"

"त्यांना मी छान म्हटलं होतं," ती म्हणाली. "नाही लागत."