‘म’सकट

“काय म्हणाली गं ती?” यांनी विचारलं.

मी पडद्याखालच्या पांढऱ्या अक्षरांवर डोळे रोखून बसले होते. बोलणारे जपानी, खाली अक्षरं मराठी. तीही अशी उतावीळ, की पहिला शब्द जुळवेपर्यंत ओळ पसार.

“म्हणाली, रण दारात आलंय. आता त्याला पाठ दाखवायची नाही.”

“परत रण? मघाशीच तर लढून आली. पंख फाटलाय म्हणालीस ना?”

“फाटला तर फाटला. फाटक्या पंखानं लढेल.”

“खमकी आहे,” हे म्हणाले आणि उशीवर मान टाकून हसले. “तुझ्या माहेरची दिसते.”

हे म्हणजे माझे यजमान. जन्मभर कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरपुढे उभे राहिले. साऱ्या आयुष्याची गाठ आगीशी, पण घरात आवाज कधी चढवला नाही. ते खातं माझ्याकडे होतं. मधुमेहानं आधी त्यांचे डोळे नेले, मग किडन्या. उजेड आणि रंग तेवढे कळायचे, अक्षर कळायचं नाही. एक दिवसाआड हॉस्पिटलात जायचं, मशीनला हात जोडून पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि पिळलेल्या फडक्यासारखं घरी यायचं. वर्षभर हेच चाललं होतं.

हा ड्रॅगनचा नाद तिथलाच. शेजारच्या खाटेवर कॉलेजातली एक मुलगी यायची, तिचंही तेच दुखणं. रक्त फिरत असायचं आणि ती टॅबवर ही मालिका बघत पडायची. कार्टून म्हटलेलं तिला खपायचं नाही. अ‍ॅनिमे म्हणा आजी, म्हणायची. यांनी एकदा सहज विचारलं, “आग कसली दिसतीय गं तिकडे?” झालं. ती वाचून दाखवायची, हे ऐकायचे. पुढे तिला आईची किडनी जुळली आणि ती त्या खाटेवरून सुटली. जाताना आमच्या थोरल्या मुलीच्या जुन्या टॅबमध्ये तिनं सगळे भाग घालून दिले. “आजी, शेवटचे थोडेच राहिलेत. आजोबांना वाचून दाखवाल ना?”

न दाखवून जाते कुठे? चौथीत माझी शाळा सुटली, पण वाचन मी सुटू दिलं नाही. सामान बांधून आलेला कागद टाकायच्या आधी वाचायचा, हा माझा शिरस्ता. आजूबाजूच्या बायका पत्र आलं की माझ्याकडे यायच्या. माझ्या अंगावर सोनं बेताचंच होतं. मिरवायला वाचता येणं होतं.

गोष्ट सांगायची तर अशी. दोन राज्यांचं युद्ध जुंपलेलं. एका बाजूला एक म्हातारी ड्रॅगन. ड्रॅगन म्हणजे काय, तर पंख फुटलेला अजगर, पोटात आग. तिच्या पाठीवर बसून लढणारी सैन्यातली एक पोरगी. म्हातारीची आग विझत चाललीय आणि ही पोरगी रोज आपलं रक्त पाजून ती पेटती ठेवते. म्हातारीला आता पुरे झालंय. पोरगी ऐकायला तयार नाही.

आता अशा गोष्टीत कुठला शब्द सारखा येत असेल ते निराळं सांगायला नको. तो शब्द यांच्या खोलीत निघू द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. मग मी त्यातला म गिळायचे. मागं उरायचं रण. गोष्ट युद्धाची, त्यामुळे रण खपून जायचं. ‘मरणाला मी भीत नाही’ असं आलं की मी वाचायचे, रणाला मी भीत नाही. ‘मला मरण दे’ असं आलं की, मला रण दे. ती बिचारी गयावया करायची, मला आता जाऊ दे, आणि माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत हत्यारं परजून उभी राहायची.

खरं तर माझ्या तोंडाला हा शब्द परका नव्हता. दूध उतू गेलं तरी ते मेलं, बस चुकली तरी ती मेली, नको असलेला पाहुणा सरळ मसणात. यांचं मशीन सुरू झालं आणि ही सगळी मंडळी माझ्या जिभेवरून उठून गेली. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. एकदा हे म्हणाले, “हल्ली घरात कोणी मरत नाही.”

मी दचकले. “म्हणजे?”

“दूध नुसतंच उतू जातं.”

मी उठून भांडी घासायला गेले.

एका दुपारी यांचे जुने फोरमन भेटायला आले. जिन्यात त्यांचा खोकला ऐकताच मी टॅबवर टॉवेल टाकला. सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याच्या हाताखाली वीस माणसं कोळसा ओढत होती, तो दुपारी चित्रातला अजगर बघतो, हे बाहेर कशाला कळायला हवं?

“बातम्या ऐकत होते,” मी खुर्ची पुढं ओढत म्हणाले.

“कसल्या बातम्या? ड्रॅगन चाललाय आमचा,” हे म्हणाले. “लाव की गं. त्यांनाही बघू दे.”

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण फोरमन खुर्ची पुढं सरकवून बसले. ड्रॅगननं अख्खा किल्ला पेटवला तसे म्हणाले, “एवढा दाब आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नाही?”

“नाकातून सोडते ना वाफ,” हे म्हणाले.

“मग हरकत नाही.”

दोघं शाळकरी पोरांसारखे खिदळले. मी आपली वाचत होते. ड्रॅगन त्या पोरीला काहीतरी समजावत होती, आणि मी नेहमीसारखं म्हटलं, “रण म्हणजे घरी परतणं. त्याची लाज कसली?”

फोरमनचे डोळे शाबूत होते. मला तेव्हा ते सुचलंच नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. भाग संपेपर्यंत त्यांनी तो परत लावला नाही. निघताना दारात, “येतो वहिनी,” एवढंच म्हणाले, तेही चपलांकडे बघत. चोरी पकडून सोडून दिली की चोराला कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बसवून घेतलं. म्हणाले, हृदय थकलंय, मशीन सोसवत नाही. चालू ठेवायचं की थांबवायचं, ते तुम्ही ठरवा. थांबवलं तर घरीच त्रास न होण्याची औषधं देता येतील, माणूस पाठवू, एकटं टाकणार नाही. ‘तुम्ही’ म्हणताना त्यांनी यांच्याकडे पाहिलं होतं. यांनी घसा साफ केला. शब्द ओठांपर्यंत आलेला मला दिसला.

“परवा नेहमीच्याच वेळेला आणू ना?” मी म्हणाले.

यांनी तोंड मिटलं. गाडीत घरापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. ज्या डोळ्यांना धड काही दिसत नाही, त्यांनी बाहेर काय बघत होते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी शेवटचा भाग होता. संध्याकाळी कामावरून घरी जाताना थोरली बापाला बघायला डोकावली. हातात चहाची कपबशी घेऊन माझ्या पाठीमागे कधी उभी राहिली मला कळलंच नाही. मी वाचत होते, “रणाला दार उघड...”

“आई, मरण आहे ते.”

मी बोटानं चित्र थांबवलं.

“‘मरणाला दार उघड.’ रण काय वाचतेस?” ती हसायला लागली. “तरीच बाबा परवा फोनवर म्हणाले, ही ड्रॅगन फार भांडकुदळ आहे म्हणून. अगं, एवढा मोठा म दिसत नाही? चष्मा बदलायचा का शाळेत म शिकायचाच राहिला?”

मला दोनच वाटा होत्या. येत नाही म्हणायचं, नाहीतर भिते म्हणायचं. सासूला भ्यायले नाही, कारखान्याच्या मालकाच्या केबिनमध्ये शिरून यांची अडवलेली रजा मागून आणली, मला भिते हा शब्द बोलता येत नव्हता.

“चौथी शिकलेली बाई मी,” मी म्हणाले. “तुमच्यासारखं फाडफाड कुठून येणार?”

कान तापून लाल झाले असणार. थोरली चपापली. तिनं उलट चपराकीची तयारी ठेवली होती, माघारीची नाही. कपबशी खाली ठेवत हळूच म्हणाली, “बरं, दे इकडे. मी वाचते.”

“नको,” हे म्हणाले. “तीच वाचेल. तुला उशीर होतोय, तू नीघ.”

ती माझ्याकडे बघत बघत गेली. दार लागलं. मी टॅब मिटायला घेतला.

“मागं घे,” हे म्हणाले.

“कुठवर?”

“तो म येतो तिथवर. आणि आता वाच. ‘म’सकट.”

“मला येत नाही वाचायला. आत्ताच ऐकलंत ना?”

“लग्न होऊन आलीस त्या दिवशी स्टेशनपासून घरापर्यंतच्या सगळ्या पाट्या मला वाचून दाखवल्यास. मला येत नसेल असं समजून. वाच.”

मी चित्र मागं घेतलं. एकेक ओळ आली की बोटानं थांबवत वाचत गेले.

“मरणाला दार उघड. मी दमले आहे. तू मला धरून ठेवलंस, ते मला गोड वाटलं. पण माझ्या पोटातली आग आता माझी नाही, तुझी आहे. तुझी तू परत घे.”

“आणि पोरगी?”

“रडतीय.”

“काही म्हणत नाही?”

“अक्षरं नाहीत खाली.”

हे उशीवरून जरा उठून बसले. मग म्हणाले, “मला उद्या जायचं नाही.”

“उद्याचं उद्या बघू.”

“डॉक्टरांनी मला विचारलं होतं.”

“माहितीये.”

“मला बोलायची लाज वाटली.”

“कसली लाज?”

“तू पाणी मोजून देतेस. माझं सगळं करतेस, नको ते सुद्धा. वर लोकांना सांगतेस, आमचे हे खंबीर आहेत, हार मानायचे नाहीत. आणि मी म्हणायचं, पुरे? तू भांडत असताना मी खाली बसायचं?”

खंबीर आहेत हे मी जिन्यात सांगायचे, वाण्याकडे सांगायचे, हॉस्पिटलात तर समोरच्या पेशंटच्या नातेवाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे. दर वेळी हे शेजारी असायचे. माझ्या जिवाची भीती मी शौर्य म्हणून यांच्या पाठीवर बांधली होती आणि हा माणूस ते ओझं घेऊन एक दिवसाआड सुया टोचून घेत होता. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना दिसत नव्हतं तरी बघवेना.

“मी कसली भांडतेय,” मी म्हणाले. “नुसतं तोंड आहे माझं.”

“ते माहितीये सगळ्यांना.”

“म दिसत होता मला.”

“हो,” हे म्हणाले. त्यांनी हात पुढं केला, तो माझ्या हाताऐवजी टॅबवर पडला आणि चित्र पुढं सुरू झालं. पोरीनं ड्रॅगनच्या गळ्यातला लगाम काढला होता. मी ते यांना सांगितलं. “बरं केलं,” म्हणाले.

सकाळी नेहमीच्या वेळी खाली गाडीचा हॉर्न वाजला. मी एकटीच जिना उतरले. दर खेपेला मी यांना धरून अशी उतरायचे, की बघणाऱ्यानं वाट द्यावी. आज खालच्या मजल्यावरची शेजारीण पायऱ्या पुसत होती, ती थांबली.

“बाबा कुठेत?” ड्रायव्हरनं दार उघडत विचारलं.

“आज यायचे नाहीत.”

“ताप वगैरे आहे का?”

ताप म्हणता आलं असतं. पाहुणे म्हणता आलं असतं. शेजारीण कान देऊन होती.

“नाही. ते आता येणार नाहीत. पुन्हा गाडी पाठवू नका.”

त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानं उघडलेलं दार फार हळू लावलं. शेजारणीनं पायरीवरची बादली बाजूला घेतली. मी चढताना पायऱ्यांकडे बघत चढले. त्या जिन्यात मी मान खाली घालून अशी पहिल्यांदाच चालले असेन.

थोरलीला फोन केला. ती भांडली, मग रडली, मग म्हणाली, डॉक्टरांशी मी बोलते, औषधं घेऊनच येते. मी तिला म्हणाले, “आणि तो म मला येतो.” ती म्हणाली, “कळलं मला, आई. काल जिन्यातच कळलं.”

हे आंघोळ करून पलंगावर बसले होते. वर्षभरात मी यांच्या सगळ्या शर्टांच्या डाव्या बाह्या उसवून त्यांना टिचबटणं लावली होती, सुईसाठी हात चटकन उघडा करता यावा म्हणून. कपाटाच्या तळाशी एक धड शर्ट होता, कारखान्यातून निवृत्त होताना घातलेला. तो काढला. झटकला. आधी डावा हात आत घातला, मग उजवा. डाव्या मनगटाच्या वर, जिथं मशीनसाठी शीर जोडली होती तिथं, रक्ताची थरथर सारखी चालू असायची, हात लावला की कळायची. बाही खाली ओढली तरी कापडावरून कळत होती. मी कफाचं बटण लावलं.

“घट्ट होतंय?”

त्यांनी उजव्या हातानं बाही खांद्यापासून मनगटापर्यंत चाचपून पाहिली. मग तो हातही माझ्यापुढं धरला.

“याचंही लाव,” म्हणाले.