काळ्या रंगाखालचा टाय रॉड

मित्रांनो, मी एक जुना टाय रॉड आहे. नाव ऐकलेलं नसेल, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. जीपचे दिवे, हॉर्न, बोनेट सगळ्यांना ठाऊक असतात. तिच्या पोटाखाली एक आडवी लोखंडी दांडी असते. ती पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडते, म्हणून दोन्ही चाकं एकाच बाजूला वळतात. ती दांडी म्हणजे मी. मला बघायचं तर मातीत पाठ टेकावी लागते, आणि तेवढी हौस फार थोड्यांना असते.

१९९१ साली सातपूरच्या एका कारखान्यात मला तापवलं, सरळ केलं, दोन्ही टोकांना आटे पाडले. एका जीपखाली बसून मी मखमलाबादच्या शिवारात आलो. जीप चिमाजीआप्पांची. त्यांची मोठी द्राक्षबाग होती. गाडी चालवायला त्यांनी गावातलाच वाल्मीक ठेवला. हा वाल्मीक दर रविवारी गाडीखाली शिरायचा, माझ्यावरचा चिखल खरवडायचा, सांध्यांत ग्रीस भरायचा. "ह्या दांडीवर तर सगळं हाय," असं स्वतःशीच म्हणायचा. जन्मभरात माझं कौतुक झालं ते एवढंच.

द्राक्षावर मोरचुदाची फवारणी करतात. निळंशार, दिसायला सुंदर, पण लोखंडाचा वैरी. आप्पांना हे पक्कं माहीत होतं. मोरचूद ते कधी लोखंडी भांड्यात भिजवू देत नसत, प्लास्टिकचंच पिंप लागे. चुना घालून झाला की विळ्याचं पातं त्यात बुडवून बघत. पात्यावर तांबूस थर आला की ओरडत, "अजून चुना टाका, हे लोखंड खातंय." विळ्याची केवढी ती काळजी. आणि चुना घालायच्या आधीचं ते निळं पिंप ठेवायचं कुठे, तर जीपच्या मागच्या लोखंडी फळीवर. रस्ता खडबडीत, पिंप हिंदकळे, उतारावर पाणी भोकांतून पुढे वाहत पार माझ्या टोकापर्यंत येई. माझ्यासाठी कोणी विळा बुडवला नाही.

बाग वाढली तशा वाल्मीकच्या खेपाही वाढल्या आणि त्याचा रविवार गेला. माझ्या अंगाला गंज धरला, पापुद्रे सुटू लागले. त्यावर आप्पांकडे एक उपाय होता. खंडेनवमीला गाडीची पूजा असे. आदल्या दिवशी ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन गाडीचं खालचं सगळं अंग काळंभोर केलं जाई. गंज तसाच, माती तशीच, वरून रंग. मग मला हळदकुंकूही लागे. मी आतून कुजत होतो आणि बाहेरून नव्या नवरीसारखा नटत होतो.

२००३ साली आप्पांनी पेठ रोडच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी नवी जमीन घेतली. वाट दगडांची, चढाची. तेव्हा पंचवटीत भिकन मिस्त्रीच्या गॅरेजात जीपचं रूप पालटलं. रुंद टायर आले, पॉवर स्टेअरिंग आलं. आप्पा एका बोटाने चक्र फिरवून सगळ्यांना दाखवत होते. आता चाकाखाली धोंडा आला तरी चक्र हलकंच फिरे, पण धोंड्याशी झगडायचा सगळा जोर जाई माझ्यातून.

भिकन मूळचा नामपूरचा. त्याने खाली शिरून मला नखाने खरडलं आणि बाहेर येऊन आपल्या गावाकडच्या बोलीत सरळ सांगितलं, "आप्पा, हाऊ रंग शे, लोखंड नही. जाड दांडी टाका."

वाल्मीकही म्हणाला, "आप्पा, मलाबी वळताना कटकट ऐकू येती. गाडी दोन दिस राहू द्या हितं."

"छाटणी तोंडावर आलीय, गाडी उभी कशी ठेवू?" आप्पा म्हणाले. "आणि खाली बघतंय कोण?"

त्या वर्षी मला रंगाचे दोन हात मिळाले.

महिन्याभराने, भर दुपारी, बागेतल्या मजूर बायांना घेऊन वाल्मीक डोंगरावरून उतरत होता. गाडी अगदी सावकाश होती, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? वळणावर एका धोंड्याला चाक लागलं आणि माझं टोक आट्यांपाशी तुटलं. एक चाक डावीकडे, एक उजवीकडे. गाडी नाल्यात कलंडली. जीव कोणाचा गेला नाही, पण भिमाबाईंचा पाय गाडीखाली चिरडला. त्यांना पुढे कधी नीट चालता आलं नाही.

माझ्या तुटलेल्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. अर्धा भाग जुना, गंजून तपकिरी झालेला, आणि अर्धा त्या दिवशी तुटलेला, चांदीसारखा लखलखीत. कोणीही वाचलं असतं. पण तपासणीचे साहेब यायच्या आधी आप्पा एकटेच नाल्यात उतरले. त्यांच्या हातात तोच डबा होता. त्यांनी माझ्या तोंडाला काळं फासलं. साहेबांना म्हणाले, "पोरगं लय जोरात पळवतं."

वाल्मीकला त्यानंतर कोणी गाडी दिली नाही. भिमाबाई त्याच्या घरावरून जाताना मान फिरवू लागल्या.

गाडी दुरुस्त झाली आणि मी भिकनच्या गॅरेजात फळीवर पडलो. त्याने एकदा पटाशीने माझं तोंड थोडं खरवडलं, तपकिरी आणि चांदी दोन्ही बघितलं आणि मला गुपचूप भिंतीकडे वळवून ठेवलं. आप्पा मोठं गिऱ्हाईक होतं. मला आप्पांपेक्षा त्याचा राग जास्त येतो, कारण त्याने एकदा खरं सांगितलं होतं.

परवा, म्हणजे अपघातानंतर पाच वर्षांनी, वाल्मीक गॅरेजात आला. आता तो भाजीबाजारात पोती उचलतो. चहा पिऊन त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मिस्तरी, मी लय विचार केला. माझाच हात चुकला आसंल." मी त्याच्या डोक्यापासून हातभर वर होतो. भिकनने कपात बघत "जाऊ दे आता" एवढंच म्हटलं.

मित्रांनो, लोखंडाला रंग द्यायचा असेल तर आधी ते खरवडा, धुवा, पुसा, मगच ब्रश उचला. आणि कधी पंचवटीत भिकनच्या गॅरेजात आलात, तर वरच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून मी आहे. मला खाली काढा, माझं तोंड पुरतं खरवडा आणि वाल्मीकच्या हातात द्या. त्याला माझ्याइतकं कोणीच ओळखत नाही, आणि मला बोलता येत नाही.