अण्णांचा शब्द

आमच्याकडे पोरीला बापाकडून काही हवं असलं, तर तिनं बापाशी बोलून भागत नाही. वजनदार माणसाचा शब्द पडावा लागतो. शाळेत नाव घालायचं असो, विहिरीवर मोटार बसवायची असो की भावकीतलं भांडण मिटवायचं असो, शब्दाशिवाय पान हलत नाही. घाटनांदूर आणि आजूबाजूच्या गावांत तो शब्द सुंदरराव अण्णांचा. अण्णा मोठे जमीनदार, कैक वर्षं राजकारणात मुरलेले. आमची मेंढरं उन्हाळाभर त्यांच्याच रानात बसतात.

त्यांची मुलगी प्रियदर्शनीताई पुण्यात शिकून परत आली आणि तिनं सायकलवाल्यांचा एक गट काढला. मी तेव्हा साध्या सायकलवरून अंबाजोगाईला कॉलेजला जायची. एकदा ताईच्या विलायती सायकलला मी चढावर मागं टाकलं. दुसरी कुणी असती तर फणकारली असती. ताईनं मला घरी बोलावून चहा पाजला आणि तिची जुनी गिअरची सायकल देऊन टाकली. त्या दिवसापासून मी तिला देव मानत होते. आता त्याचंही हसू येतं.

त्या सायकलवर मी बीडची शर्यत जिंकले. पुण्याहून आलेल्या एका प्रशिक्षकांनी ताईसमोरच सांगितलं, "ही मुलगी माझ्याकडे पाठवा. वसतिगृहात एक जागा आहे. पण आधी मला घाटात आणि पावसात सायकल चालवलेली मुलगी पाहिजे." ताईचा बेत तयारच होता. भर पावसात महाबळेश्वरवरून कोकणात उतरायचं, किनाऱ्यानं दापोली-गुहागर करायचं आणि चिपळूणहून घाट चढून परत यायचं. प्रशिक्षक म्हणाले, "झकास. परतताना सोमवारपर्यंत पुण्यात ये. सोमवारनंतर जागा दुसरीला जाईल."

राहिला होता आमचा बाप. आबा म्हणाले, "पावसात मेंढरूबी आडोशाला आणत्यात, अन् तू कोकणात चाललीस? कावून? न्हाई म्हंजी न्हाई." माझं नाव तात्याबाची योगिता, त्यामुळे हट्ट मलाही बापाकडूनच आलेला. मी सरळ ताईकडे गेले आणि म्हणाले, "ताई, अण्णांना एक शब्द टाकायला सांगा."

अण्णा स्वतः आले. बाजेवर बसले, कोरा चहा घेतला आणि म्हणाले, "तात्याबा, पोरगी माज्या पोरीसंगं चालली. माज्यावर सोड." आबांनी हात जोडले. मायनं, म्हणजे बायडाबाईनं, आतूनच डोळे पुसले. मी मात्र दाराआड उभी राहून जिंकल्यासारखी हसत होते.

पावसाबद्दल काय सांगू? आमच्याकडे तो पाहुण्यासारखा येतो, दारातूनच परत जातो. आंबेनळी घाटात तो घरमालक होता. धुकं असं की पुढच्याचा लाल दिवासुद्धा दिसेना. ब्रेक दाबून दाबून बोटं वळेनात, वरून दगडमातीचं पाणी रस्त्यावर येत होतं. गटातली दोन शहरी पोरं मागच्या पिकअपमध्ये जाऊन बसली. ताई रडकुंडीला आली होती. मी तिच्यापुढे राहिले आणि प्रत्येक वळणाला ओरडून सांगत गेले, "ताई, डावीकडून या, उजवीकडं खड्डा हाय." पोलादपूरला उतरल्यावर तिनं मला घट्ट मिठी मारली. "तू नसतीस तर मी मेले असते गं," म्हणाली. खरंच म्हणाली होती, आणि मला ते खरंच वाटलं होतं.

समुद्र मी पहिल्यांदा हर्णैला पाहिला. मातकट, खवळलेला, बोटी ओढून वर ठेवलेल्या. लोक म्हणतात समुद्र पाहिला की आपण लहान वाटतो. मला उलटं झालं. एवढ्या लांब मी माझ्या पायांनी आले, या विचारानं मी चांगली हातभर उंच झाले. पुढे कोळथऱ्याकडचे चढउतार लई वाईट, एक चढ संपतो तोवर दुसरा हजर. पण माझ्या मांड्यांत काय शिरलं होतं कोण जाणे. दाभोळच्या फेरीबोटीत ताईनं माझा व्हिडिओ काढून प्रशिक्षकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "वाट पाहतोय." मी ते ताईच्याच फोनवर पुन्हा पुन्हा वाचलं.

संध्याकाळी आबांचा फोन यायचा. "कुटं आलीस? गावात कवा पोचशीला?" जन्मात कधी विचारपूस न करणारा बाप रोज विचारतो म्हणून मी हरखून जायची. अण्णांचेही ताईला फोन यायचे. ती ते बाजूला जाऊन घ्यायची.

कुंभार्ली घाट चढून आम्ही कऱ्हाडला आलो तेव्हा गुरुवार होता. इथून एक रस्ता पुण्याला, दुसरा विट्यावरून आमच्या मुलखाकडे. मी पिकअपमधून माझी पिशवी काढली. पुण्याची बस कुठून मिळते ते चहावाल्याला विचारत होते, तेवढ्यात ताई आली.

"योगिता, आधी गावी चल. अण्णांनी रविवारी स्वागत ठेवलंय, मांडव घातलाय. तुझ्याशिवाय कसं दिसेल ते?"

"ताई, सोमवार हाय शेवटचा."

"अगं, सोमवारी पहाटे माझ्या गाडीनं तुला पुण्यात सोडते. माझा शब्द."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या सायकलच्या हँडलकडे बघितलं. हे मला दिसलं होतं. पण जिनं मला सायकल दिली, जिच्या बापानं माझ्या बापाला वळवलं, तिला नाही कुठल्या तोंडानं म्हणू? पिशवी पुन्हा पिकअपमध्ये टाकली.

रविवारी गावाच्या वेशीवर हलगी वाजत होती. चौकात फ्लेक्स लागला होता, अण्णा मोठे, ताई मध्यम, मी कोपऱ्यात. मांडव खराच दांडगा होता. पण मला वाटलं होतं शाळेची पोरं बसलेली असतील. पुढच्या रांगेत फेटे बांधलेले अनोळखी पाहुणे होते. बाजूला बायकांच्या मधोमध परातीत साखर, नारळ आणि हिरवी साडी. स्टेजखाली दोन पाट मांडलेले, एकावर नवा शर्ट घातलेला एक तरुण अवघडून बसलेला.

"हे कोण?" मी मायला विचारलं.

मायनं माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघत सांगितलं, "सत्यम. माजलगावकडचा हाय, कारखान्यात कामाला. अण्णांच्या जवळची माणसं हायती. सत्कार अन् साखरपुडा, एकाच मांडवात दोन्ही उरकू म्हणले अण्णा. चल, साडी नेस."

माझ्या पायाखालून रस्ता सरकला. मी ताईला शोधलं. ती स्टेजच्या पायरीवर माईकची वाट बघत उभी होती. मी तिचा दंड धरला.

"तुमाला ठाऊक हुतं?"

"दाभोळला कळलं," ती म्हणाली. "अण्णांना यंदा निवडणुकीत त्या लोकांची गरज आहे. मुलगा चांगला आहे गं."

"तुमी बसला असता का ह्या पाटावर?"

"माझं वेगळं आहे, योगिता."

मग तिनं माझा हात हळूच सोडवला, स्टेजवर चढली आणि मुलींनी आता उंबरठा ओलांडला पाहिजे या विषयावर छान बोलली. टाळ्या पडल्या. माझं नाव पुकारलं गेलं. अण्णांनी खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला. माईक समोरच होता. मी तो ओढून घेतला आणि म्हणाले, "मला उद्या पुण्याला जायचंय. मला हे लगीन करायचं न्हाई."

हलगी थांबली. फेटेवाले एकमेकांकडे बघू लागले. रागानं काही बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडायला तयार होते. पण अण्णा हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवून माईकमध्ये म्हणाले, "पोरगी दमली हाय. एवढ्या पावसापाण्याची आली, कुणीबी दमंल."

सगळा मांडव हसला. पाहुणे हसले, बायका हसल्या, सुटल्यासारखी हलगी पुन्हा सुरू झाली. मी ओरडले, "मी दमले न्हाई!" पण माईक बंद झाला होता. आंबेनळीत दमले नाही, कुंभार्लीत दमले नाही, आणि माझ्या गावात, माझ्याच माणसांनी माझा नकार दमण्यावर घालवला. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता.

शाल फेकून मी मांडवामागे गेले. आबा तिथं एकटेच उभे होते. नवं धोतर त्यांना टोचत असावं, ते सारखं ओढून नीट करत होते. मी त्यांचे हात धरले.

"आबा, तुमी न्हाई म्हणा. तुमी बाप हाव माजे. तुमी एकदा न्हाई म्हणला की कुणाची टाप न्हाई."

आबांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"म्हणलो हुतो की न्हाई," ते म्हणाले. "सायकलीच्या वक्ताला म्हणलो हुतो. मग तू अण्णांना आणलंस घरात. तवा त्यांचा शब्द ठिवला. आता ते म्हणत्यात, तवा ठिवलास, आता मोडतूस व्हय? अन् मेंढरं कुणाच्या रानात बसवू? बापाचा 'न्हाई' तूच मोडलास, पोरी. आता मी तो कुटून आणू?"

मी त्यांचे हात सोडले. माय हिरवी साडी घेऊन आली. पाय धुवायला तिनं बादली पुढं सरकवली. मी पाय धुतले, साडी नेसले आणि पाटावर जाऊन बसले.