अडीच फेरे

भायखळ्याच्या भाजी मार्केटामागे गौतमचं सहा बाय आठचं दुकान आहे. गवत कापायच्या, धूर मारायच्या, झाडं कापायच्या मशिनी तिथे दुरुस्तीला येतात. मशीन आली की बाकीचे मेकॅनिक लगेच पाना हातात घेतात. गौतम खडू घेतो. कुठला स्क्रू किती फेरे आत आहे ते आधी मोजायचं, शटरच्या आतल्या बाजूला लिहायचं, मगच खोलायचं. वडील मिलमध्ये फिटर होते, त्यांनीच ही सवय लावली. ते म्हणायचे, तुझ्याआधीचा माणूस गाढव असेल, पण त्या गाढवाने काय केलंय ते तुला कळलं पाहिजे.

त्या मंगळवारी सकाळी हितेंद्र एक जुनी चेनसॉ घेऊन आला. झाडांच्या फांद्या छाटायचं कंत्राट घेणाऱ्या एका शेठचा तो सुपरवायझर. तक्रार एकच, मशीन आयडलला, म्हणजे रेस न देता, टिकत नाही, दोन-चार मिनिटं चालते आणि मरते. आजच्या आज पाहिजे, चारच्या आत, आणि अशी पाहिजे की कोणी बोट ठेवता कामा नये.

गौतमने दोरी ओढली. मशीन चालू झाली, पण रेसला हात न लावताही चेन गरगर फिरत राहिली. त्याने तिथल्या तिथे मशीन बंद केली. रेस सोडली की चेन उभी राहिली पाहिजे, हा या धंद्यातला पहिला धडा. उभी राहत नसेल तर ती मशीन नाही, पिसाळलेलं कुत्रं आहे. त्याने आयडलचा स्क्रू मोजला. फार तर एक फेरा असायचा, तो अडीच फेरे आत होता. शटरवर खडूने लिहिलं, ‘आयडल अडीच’, आणि खाली तारीख टाकली.

कोणी पिळला, म्हणून विचारलं, तर हितेंद्र छाती काढून म्हणाला, मीच. झाडावर सारखी बंद पडायची, वर दोरी ओढत बसण्यात टाइम जायचा, म्हणून स्क्रू आवळून टाकला. तुमच्याइतकं नाही, पण आपल्यालाही थोडंफार कळतं, भाऊ. गौतमने मान हलवली. रोग बरा होत नाही म्हणून रोग्याला पळवत ठेवणारे असे डॉक्टर त्याने पुष्कळ पाहिले होते.

मग तो खरा रोग शोधायला बसला. स्क्रू जागेवर आणला, चेन उभी राहिली. तीन मिनिटांनी मशीनचा आवाज चढला, रडकुंडीला आला आणि मेला. एअर फिल्टर धुतला, तरी मेला. प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून भोकं फुंकली, पेट्रोलची नळी पाहिली, तरी तेच. दीड तास गेला. शेवटी मशीन मरायला आली तेव्हा त्याने चालू मशीनच्या टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स करून हवा आत गेली आणि मशीन जिवंत झाली.

झाकण उलटं केलं तर आत दुधाच्या पिशवीचं गोल कापलेलं प्लॅस्टिक. जुन्या मशिनीत झाकणालाच बारीक भोक असतं. पेट्रोल कमी होईल तशी त्यातून हवा आत येते. प्लॅस्टिकने ते भोक बंद झालं, टाकीचा श्वास कोंडला, म्हणून मशीन मरत होती. झाकणातून पेट्रोल गळायचं म्हणून ही आयडिया केली, असं हितेंद्र म्हणाला. हेही त्यानेच केलेलं. एक झिजलेली रबराची चकती बदलायची होती, ती बदलायला कोणाला फुरसत नव्हती.

गौतमने नवी चकती बसवली. मशीन दहा मिनिटं एका जागी गुरगुरत राहिली, मांजर झोपावं तशी, आणि चेन जराही हलली नाही. अशा वेळी त्याला स्वतःचा थोडा अभिमान वाटतो. त्या दिवशीही वाटला.

काम संपलं होतं. पण पुसल्याशिवाय मशीन द्यायची नाही, हीही वडिलांचीच सवय. त्याने बाजूचं कव्हर काढलं. आत लाकडाचा भुस्सा दाबून बसला होता. ब्रशने खरवडला तेव्हा भुश्शात गुंडाळलेली कापडाची चिंधी बाहेर आली. खाकी. वाळून कडक झालेली, कडेला काळपट तपकिरी.

हे कोणाचं, म्हणून गौतमने विचारलं.

हितेंद्रने आधी मोबाइलकडे पाहिलं, मग सांगितलं. प्रभादेवीच्या एका सोसायटीत गेल्या आठवड्यात जरा लफडं झालं. राजरत्न म्हणून एक चढणारा होता. झाडावर चालू मशीन कमरेला लटकवून दुसऱ्या फांदीवर जात होता, चेन मांडीला लागली. हॉस्पिटलात आहे, पाय बहुतेक वाचेल. आज चारला विमा कंपनीची मॅडम मशीन बघायला सोसायटीत येतेय. मशीन चांगली निघाली की विषय संपला. निष्काळजीपणा झाला असं राजरत्नने लिहून दिलंय, सही आहे त्याची.

सही कधी घेतली, गौतमने विचारलं. ऑपरेशनच्या आधी, हितेंद्र म्हणाला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. वर म्हणाला, “ही माणसं झाडावर चढतात झकास, पण मशीन यांना कळत नाही.” बोलता बोलता त्याची नजर भिंतीवरच्या निळ्या झेंड्याकडे गेली. “तुम्ही तसे नाही हां, भाऊ.”

गौतमने ब्रश खाली ठेवला. राग हितेंद्रचा होताच, पण त्याहून मोठा स्वतःचा. आपण काय दुरुस्त केलं? मशीन नाही, पुरावा धुऊन दिला. राजरत्नचा पाय कापणारे दोन गुन्हे या हातांनी साफ केले, आणि वर अभिमान वाटून घेतला. आता ही मशीन चारला मांजरासारखी गुरगुरणार आणि तिकडे खाटेवर पडलेला माणूस आयुष्यभरासाठी निष्काळजी ठरणार. यापुढे कोणी त्याला झाडावर चढवणार नाही.

तो हितेंद्रला म्हणाला, जेवून घे जा. मशीन मी स्वतः घेऊन येतो, मॅडमने काही विचारलं तर मेकॅनिक समोर असलेला बरा. हितेंद्र खूश झाला. तुम्ही दोन शब्द बोललात तर वजन पडेल, असं म्हणून सोसायटीचा पत्ता देऊन गेला.

तीस वर्षांत गौतमने बिघडलेली मशीन कधी परत दिली नव्हती. त्या दुपारी त्याने एक बिघडवली. कचऱ्याच्या डब्यातून ते प्लॅस्टिक काढलं, झाकणात बसवलं. शटरवरचा खडू वाचत स्क्रू आत पिळला, मोजून अडीच फेरे. चिंधी एका डबीत घातली, शटरचा फोटो मोबाइलवर घेतला, मशीन गोणीत भरली आणि टॅक्सी केली.

सोसायटीच्या आवारात अर्धवट छाटलेलं झाड तसंच उभं होतं. विम्याची मॅडम नूपुर, तिशीतली, हातात फाइल. हितेंद्र तिला सांगत होता, मशीन एकदम ओके, कधी तक्रार नाही, माणसानेच घोळ केला.

गौतमने तिला आधीच सांगून टाकलं की ही मशीन मी सकाळी दुरुस्त केली होती, दुपारी पुन्हा होती तशी केली, खोटं वाटलं तर फोटो बघा. हितेंद्रच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. गौतमने मशीन कापलेल्या ओंडक्यावर ठेवली, पायाने दाबून धरली, दोरी ओढली आणि रेसवरून हात काढला. चेन फिरत राहिली. कोणी हात न लावता, स्वतःच्या मर्जीने.

“मशीन ओके आहे म्हणतोस ना,” तो आवाजावर आवाज चढवून हितेंद्रला म्हणाला. “मग ये. ही अशीच कमरेला लटकव आणि त्या झाडापर्यंत चालून दाखव.”

हितेंद्र म्हणाला, हे काय चाललंय.

“त्याला तर वर चढवलंस. तू नुसता चाल. जमिनीवर.”

हितेंद्रने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एक पाऊल मागे गेला. ते पाऊल नूपुरने पाहिलं. वॉचमनने पाहिलं. गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढणाऱ्या बाईनेही पाहिलं.

थोड्या वेळाने मशीनचा आवाज चढला, रडकुंडीला आला आणि ती मेली. गौतमने झाकण सैल केलं. फुस्स. दुधाच्या पिशवीचा तुकडा त्याने नूपुरच्या तळहातावर ठेवला, शेजारी ती डबी ठेवली, आणि सकाळी हितेंद्र दुकानात जे जे म्हणाला ते सगळं तसंच्या तसं सांगितलं. तिने फाइलमधला राजरत्नच्या सहीचा कागद काढला, वाचला, वरची तारीख पुन्हा पाहिली आणि उपडा करून फाइलच्या तळाशी घातला. मग पेन उघडलं आणि त्या स्क्रूला काय म्हणतात, म्हणून विचारलं.

“आयडल,” गौतम म्हणाला. “अडीच फेरे. अक्षरात लिहा, मॅडम. आकडा नंतर कोणीपण बदलतो.”