ढब्बूचं वजन

डॉक्टरांच्या हट्टापायी त्या सकाळी घरातल्या एक्केचाळीस वस्तू काट्यावर चढल्या: अकरा खुर्च्या-स्टुलं, चार खाटा, सहा पेट्या, दोन कपाटं, सतरा भांडी आणि एक शिवणयंत्र. माणसं दोन. बाबा सहासष्ट किलो तीनशे ग्रॅम. ढब्बू नऊ किलो तीनशे.

ढब्बू हा ताईचा धाकटा भाऊ, वय चोवीस. लहानपणच्या गुबगुबीत गालांवरून पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. अंगानं तो आजही जसाच्या तसा होता. तीच उंची, तेच दंड, शर्टाचं तेच माप. फक्त वजन जात होतं. वर्षापूर्वी आरोग्य तपासणीत बासष्ट किलो भरलेल्या माणसाला आता पंख्याखाली बसायची चोरी होती. दुकानातली वीस-वीस किलोची दोन वजनं मांडीवर घेऊन तो बसे. गेल्या आठवड्यात रोज सहाशे ग्रॅम उतरले होते. ताईनं भागाकार तीनदा केला आणि तिन्ही वेळा पंधरा दिवस उरले.

तीन दवाखान्यांनी हात टेकल्यावर हे डॉक्टर आले. दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट. रोग्याची नाडी न बघता त्यांनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला स्टेथोस्कोप लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"ही बिचारी थकलीय," ते म्हणाले. "कधी तडकली?"

"दोन महिने झाले," ताई म्हणाली. "लाकूड जुनं आहे."

"आणि तुमच्या खाटेची फळी?"

"ती दोनदा मोडली. तीही जुनीच."

"घरातलं सगळं जुनं तुमच्याच पायाखाली येतं म्हणायचं." डॉक्टरांनी यादी चाळली. "इथे तुम्ही नाही दिसत."

"मी काटा वाचत होते. वाचणाऱ्यानं काट्यावर चढायचं नसतं. बाबांचा नियम आहे."

काटे दुरुस्त करणारं घर ते. या नियमामुळे गेल्या वर्षभरात ताईचं वजन कुणीच केलं नव्हतं.

"आज मी वाचतो," डॉक्टर म्हणाले. "चढा."

ती चढली. चोपन्न किलोची, फुंकर मारली तर उडेल अशी बाई. तबकडीवरची सुई चोपन्नाशी थांबली नाही, ऐंशीशी थांबली नाही. एकशे सहा किलो सातशे ग्रॅमवर ती स्थिर झाली.

ताई उतरली. वीस किलोचं वजन ठेवून पाहिलं, सुईनं वीस दाखवले. दोन ठेवली, चाळीस. काट्यात खोट नव्हती. तिनं मनातच वजाबाकी केली. ढब्बूचं जेवढं गेलं होतं तेवढंच, ग्रॅमभर इकडे-तिकडे न होता, तिच्या अंगावर आलं होतं.

"भावाचं काय उचललंत?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

आठ महिन्यांपूर्वी दुकानात मोठ्या काट्याचं साखळीवर टांगलेलं लोखंडी ताट खाली आलं आणि बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. साखळी निसटू नये म्हणून आकड्यात खीळ घालणं ढब्बूचं काम होतं. तो भिंतीला टेकून थरथरत होता, आणि ताई बोलून गेली होती, 'मी विसरले.' त्या दिवसापासून बाबा तिच्याशी चकार शब्द बोलले नव्हते.

डॉक्टरांनी दोन काटे समोरासमोर मांडले. एकावर ताई, दुसऱ्यावर ढब्बू. मांडीवरची वजनं काढली तसा तो तरंगायला लागेल की काय, असं वाटून तिनं हात पुढे केला.

"धरू नका," डॉक्टर म्हणाले.

"ताई, मला सांगू दे," ढब्बू म्हणाला.

"गप्प बैस. तुझ्यानं सोसायचं नाही."

"नऊ किलोच्या माणसाला आणखी काय सोसायचंय?" तो बाबांकडे वळला. "बाबा, खीळ ताई नाही विसरली. मी विसरलो. तिनं माझं नाव झाकलं आणि मी झाकू दिलं."

काटे करकरले. एक सुई उतरू लागली आणि दुसरी चढू लागली, दोन्ही एकाच चालीनं, जणू मधे अदृश्य दोरी होती. वीस. पस्तीस. पन्नास. ढब्बूच्या पायाखालचं पत्र्याचं ताट खोल दबत गेलं. ताईच्या खांद्यांतून काहीतरी निघून जात होतं. तिला जाणवलं की आठ महिन्यांत आपण पुरता श्वास घेतलाच नव्हता. आयुष्यभर सुया बघितलेल्या त्या तिघांनी अशी सुई कधी बघितली नव्हती. डॉक्टरांनीही नकळत डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

ताई चोपन्न. ढब्बू बासष्ट. सुया थांबल्या.

बाबांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "गिऱ्हाईक दारात खोळंबलं होतं. हा खीळ शोधत होता. राहू दे, आधी साखळी ओढ, असं मीच म्हणालो त्याला."

ढब्बूची सुई पुन्हा उतरून अठ्ठावन्न किलो नऊशेवर आली.

डॉक्टरांचं लक्ष एव्हाना परत पायरीकडे गेलं होतं. बाबांनी चपला काढल्या, ताईला हातानं बाजूला केलं आणि तिच्या काट्यावर स्वतः चढले.

"वाच गं," ते म्हणाले. "किती?"

सकाळी बाबा सहासष्ट किलो तीनशे ग्रॅम भरले होते. तिनं वाकून वाचलं.

"एकोणसत्तर किलो चारशे ग्रॅम."