बियाण्याचं माहेर

“गाव कंचं बोललात, भाऊसाहेब?” गणू घुड्याने पुन्हा विचारलं.

“लॉस बान्योस,” ग्रामसेवक महिपत विशे म्हणाला. “फिलिपाईन्स देशातलं.”

“लोसबान. बरं. आन् तिथं पानी कंचं पितात?”

ओटीवर कोणी हसलं नाही. टोकावड्याच्या या अंगाला सून करायची म्हटली की मुलगी शेवटी बघतात. आधी गाव बघायचं. पाणी कसलं, माती कसली, शिवेवर शेजार कोणाचा, माणसं नांदवणारी की छळणारी. त्यात कमीजास्त निघालं तर मुलगी कितीही देखणी असो, चहा न घेता उठायचं. त्या दिवशी गणूच्या ओटीवर मधोमध तोंड शिवलेलं भाताच्या बियाण्याचं पोतं होतं, आणि पोत्याला हात न लावता सगळी बैठक मध्यस्थाकडे बघत होती. मध्यस्थ महिपत.

साल सदुसष्टचं, वैशाख संपत आलेला. जास्त पिकणारं नवं भात सरकारने समुद्रापलीकडून आणलं होतं आणि त्यातलं एक पोतं या गावाच्या वाट्याला आलं होतं. मुरबाडच्या कचेरीत साहेब हसत हसत म्हणाले होते, “विशे, पोतं परत आलं तर त्याच्याबरोबर तुम्हालाही परत घ्यावं लागेल.” साहेब हे वाक्य प्रत्येक ग्रामसेवकाला म्हणाले होते. ते घरी घेऊन गेला फक्त महिपत.

माणूस वाईट नव्हता. शहापूरकडचा, मॅट्रिक झालेला, कामाला हजर, जिभेचा गोड, पोटातून भित्रा. यातल्या पहिल्या गोष्टी गावाच्या उपयोगी पडत. शेवटची त्याच्या स्वतःच्याही उपयोगाची नव्हती. नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि पोस्टमन दारावरून गेला तरी त्याला वाटे, बदलीचा कागद आला.

“पाणी तळ्याचं,” तो म्हणाला. “गाव मोठ्या तळ्याकाठी आहे. पाठीशी डोंगर.”

इथवर पोत्याबरोबर आलेल्या पत्रकात छापलेलं होतं. गावाबद्दल पत्रकात तेवढंच होतं.

“डोंगर म्हंजी? आपल्या नाणेघाटासारका?”

“तसाच.”

“वर देव कोन?”

महिपतने पत्रक उलटून बघितलं. “देवी आहे.”

दोन-तीन पागोटी संथपणे हलली.

“राज कुनाचं होतं?”

हे मात्र त्याला शाळेतून आठवत होतं. “आधी फिरंगी, मग अमेरिकन, मधे जपानी. आता स्वतःचं.”

“म्हंजी सोसलेलं गाव हाय,” गणूने बैठकीला सांगितलं, आणि ते जमेला धरलं गेलं.

मग महिपतला थांबता येईना. गाव उभं करायचं तर सामान लागतं, आणि परदेशी सामान त्याच्यापाशी नव्हतं. त्याने वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं उचलून लॉस बान्योसला नेली. शहापूरचा बाजार नेला, सुकटवाल्या बायकांसकट. माळशेजचं धुकं नेऊन संध्याकाळी डोंगरावरून उतरवलं. लोकांना गाव आवडायला लागलं. तसं ते ओळखीचंच होतं.

मग उंबऱ्याच्या आतून हौसा बोलली.

हौसा गणूची चुलत भावजय. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिच्याकडे टेकाडाला वरचा एक तुकडा होता आणि ओढ्यालगत एक खोल खाचर. घर वर्षभर जेवायचं ते खाचराच्या भातावर. वरचा तुकडा सणावाराला. शेतीत तिचा हात गाव मानायचं. बैठकीतले सगळे हो म्हणत आले होते, पण कान उंबऱ्याकडे ठेवून. ती उठली असती तर बैठक उठली असती.

“तिकडं भात उभ्या पान्यात लावतात?” तिने विचारलं. “माझ्या खाचरात पानी चढतं, म्हनून विचारते.”

महिपतने पोत्याकडे बघितलं. पोतं मुरबाडला परत चाललेलं त्याला दिसलं, आणि पोत्यावर बसलेला तो स्वतः.

“कमरेएवढ्या पाण्यात,” तो म्हणाला. गप्प राहायला हवं होतं, तर पुढे म्हणाला, “बायका होडीत बसून लावणी करतात.”

होडी त्याने कल्याणच्या खाडीत पाहिली होती.

हौसाने पदर नीट केला. “शिवण उसवा,” ती म्हणाली.

पोतं त्याच दिवशी रिकामं झालं आणि साहेबांनी महिपतच्या पाठीवर थाप मारली. इकडे गावात लोसबान वाढत गेलं. गणूने व्याह्याला देवीची मूर्ती पूर्वाभिमुख असल्याचं सांगितलं. गावाबाहेरच्या वाडीवरची ठकू, लावणीला मजुरीवर यायची ती, नवरा पिऊन आला की बोलायची, “जाते बघ लोसबानला. होडी घेऊन.” कोणी काही भर घातली की पडताळायला महिपतकडे येत, आणि महिपत मान डोलवी. प्रत्येक होकाराबरोबर काहीतरी राहून जातंय असं त्याला वाटे, पण अजून त्याला त्याचं नाव सापडत नव्हतं.

नाव सापडलं आषाढात, मुरबाडच्या बैठकीत. चहाची कपबशी सावरत साहेब जाता जाता म्हणाले, “हां, आणि ते नवं भात खोलगट खाचरात नको हं. रोपाचं ताट ठेंगणं आहे, बुडेल. सांगितलंच असेल म्हणा सगळ्यांनी.”

“हो साहेब,” इतरांबरोबर महिपतही म्हणाला.

ताट ठेंगणं राहतं, वाऱ्याने लोळत नाही, हे पत्रकातलं वाक्य त्याने स्वतः ओटीवर मोठ्याने वाचलं होतं. ठेंगणं म्हणजे बुडणारं, हे त्या वेळी त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. होडीच्या गोष्टीत तो इतका रमला होता की पाण्यात भातालाही उभं राहायचंय हे राहूनच गेलं.

चहा तसाच ठेवून तो सायकलीवर बसला. टोकावड्याच्या चढावर सायकल हातात धरून अक्षरशः पळाला. एकच आशा होती, की हौसाने आधी वरचा तुकडा धरला असेल.

खाचरात इरली पांघरलेल्या बायकांची ओळ वाकलेली होती आणि बांधावर नव्या भाताच्या आवणाच्या, लावायच्या रोपांच्या, जुड्या पडलेल्या होत्या. अर्धं खाचर लावून झालं होतं. रोपं हिरवीगार आणि बुटकी.

“काकी,” महिपत धापा टाकत म्हणाला, “हे आवण वरच्या तुकड्यात लावलं तर?”

“वरच्यात जुनं लावलं काल.” हौसाने मान वर केली नाही.

“पण इथं पाणी चढतं ना.”

“चढनारच. म्हनून तर ह्याला हितं आनलं. पान्यातलं हाय ना ते?”

“आहे. म्हणजे आहेच. पण ताट जरा ठेंगणं...”

“होडीत बसून लावतात ते ठेंगणं कसं, भाऊसाहेब?” ठकूने ओळीतून विचारलं. “का बायका उताण्या पडून लावतात?”

ओळ हसली. पलीकडच्या बांधावरून गणूने आवाज टाकला, “त्यांचं लगीन करून टाका गो कोनीतरी. उपाशी मानूस आसंच बोलतं.”

‘होडी मी रचली.’ एवढंच म्हणायचं होतं. वाक्य लहान होतं, ओठांपर्यंत आलंही होतं. महिपतने ते तिथेच थांबवून त्याची किंमत काढली. होडी गेली की कुंडं जाणार, कुंडं गेली की देवी, आणि शेवटी गावासमोर उरणार तो. उलट पाऊस बेताचा पडला तर? काही वर्षी पडतो. पाणी चढलंच नाही तर कोणाला काय कळणार?

“बघा बुवा,” तो म्हणाला. “आपलं सांगितलं.”

ज्याने काहीच सांगितलेलं नसतं त्याचं हे वाक्य. हौसाने पुढची जुडी सोडली.

त्यानंतर महिपतला आभाळाशिवाय काही दिसेना. टोकावड्याला त्याची खोली होती. मुरबाडहून एसटी आली की तो ड्रायव्हरला विचारी, “तिकडे कसाय?” घाटाकडून आली की विचारी, “वर कसाय?” ड्रायव्हरला वाटलं, याचं कोणीतरी आजारी असावं. उघाड पडली की तो दोन घास जास्त जेवायचा, आणि घाटमाथा काळा झाला की पुढ्यातलं ताट सरकवायचा. रोज ठरवी, आज जाऊन सांगतो. उपटून दुसरीकडे हलवायला अजून वेळ आहे. रोज उघाड पडे आणि सांगणं उद्यावर जाई.

मग एकदा पाऊस लागला तो थांबेचना. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी गेलं. एसटी बंद झाली. विचारायला ड्रायव्हरही उरला नाही. तेव्हा महिपत घोंगडी घेऊन निघाला.

खाचर नव्हतंच. होतं ते एक सपाट, मातकट पाणी, ओढ्यापासून बांधापर्यंत. बांधाच्या कडेला काही शेंडे दिसत होते, तेही मधूनच. हौसा फावडं टेकून उभी होती.

“बांधाची मोरी उघडून काय व्हनार,” त्याने न विचारताच ती म्हणाली. “ओढाच भरलाय. बरं झालं आलात. हे पान्याखाली किती दिस काढील? तिकडं किती दिस काढतं?”

ती खरंच विचारत होती. चेहऱ्यावर काळजी होती, संशय नव्हता. संशय असता तर महिपतला सोपं गेलं असतं.

“मला ठाऊक नाही, काकी,” तो म्हणाला. “ते गाव मी बघितलेलं नाही. नकाशातसुद्धा नाही. होडी मी मनाने घातली.”

“होडी नाय?”

“नाही. हे भात बुडतं. मुरबाडला कळलं मला. लावणीच्या दिवशी तेच सांगायला आलो होतो.”

“आन् तळं?”

“तळं आहे. तेवढं छापलंय.”

हौसा पाण्याकडे बघत राहिली. “तळं आसलं म्हंजी काय,” ती स्वतःशीच म्हणाली. “तळ्यात कोन लावतं?”

पाऊस तिच्या इरल्यावर वाजत होता. मग तिने विचारलं, “लावनीला आलास तवा बोलायला काय झालं तुला?”

“सगळे होते.”

“सगळे होते,” ती म्हणाली. फावडं तिने चिखलातून ओढून काढलं. “मंग सगळ्यांतच चल.”

त्या भागात आवण विकत मिळत नाही. ज्याचं राबात, रोपांच्या वाफ्यात, उरलं त्याने द्यायचं, आणि ज्याला हवं त्याने ओटीवर येऊन आपलं का गेलं ते सांगायचं. एवढंच त्याचं मोल. हौसा गणूच्या अंगणात पागोळीखाली थांबली. ओटीवर महिपतला पाठवलं. पावसामुळे घरात अडकलेली माणसं तिथेच बसली होती. वाडीत पाणी शिरल्याने ठकूही पोरांना घेऊन पडवीत आली होती.

महिपतने सांगितलं. आधी भराभर सांगितलं. कोणाला कळलं नाही. मग पुन्हा, सावकाश.

“कुंडं?” गणूने विचारलं.

“वज्रेश्वरीची.”

“आन् देवी?”

“ठाऊक नाही, तात्या. असेलही.”

“आसेलही?” गणू उठून उभा राहिला. “आरं, मी व्याह्याला तिचं तोंड कुनीकडं ते सांगितलं.”

एरवी यावर ओटी फुटली असती. कोणी हसलं नाही. हौसाचं भात गेल्याचं वाईट सगळ्यांनाच वाटत होतं. पण गाव गेल्याचा राग निराळाच होता. ठकू पडवीतून म्हणाली, “मला नव्हतं सांगायचं हे. मी कुठं शेत लावनार होते?” आणि पोराचं डोकं पुसायला लागली.

गणूने घोंगडी डोक्यावर घेतली. महिपतकडे न बघता तो अंगणातल्या हौसाला म्हणाला, “राबातलं ने वैनी. पर पार वाढलंय. फुटवा धरनार नाय. निम्मं हाताला लागलं तर लागलं.”

“लागंल तेवढं,” हौसा म्हणाली.

पाणी उतरायला वेळ लागला. उतरलं तेव्हा नवं भात चिखलावर झोपलेलं होतं, कुजक्या वासाचं. गणूने मात्र तेच बियाणं वरच्या अंगाच्या खाचरात लावलेलं. ते जोमात होतं, टेकाडावरून लांबूनही उठून दिसायचं. महिपतने त्याची खबर मुरबाडला कळवली नाही. कोणी तरी कळवलीच असावी, कारण साहेब खूश झाले आणि पुढे यथावकाश त्याची नोकरीही कायम झाली. त्या दिवशी त्याने कोणाला पेढे दिले नाहीत.

खाचर पुन्हा लावायचं होतं तर माणसं नव्हती. जो तो आपल्या बेणणीत, तण काढण्यात. ठकू आली, आणि हौसा. विजार गुडघ्यावर वळून महिपत बांधावरून खाली उतरला. त्याला कोणी या म्हटलं नव्हतं, जा म्हटलं नाही. गणूचं जुनं आवण लांबडं झालं होतं, कमरेत मोडायचं. शेंडे छाटून लावावं लागत होतं.

“आंगठा खाली दाब, महिपत,” हौसा एकदा म्हणाली. “वर धरलास तर तरंगंल.”

त्याने अंगठा खाली दाबला. ओळ वाकडी जात होती हे त्यालाही दिसत होतं. मागून हौसा येत होती. त्याने लावलेला रोपांचा चूड ती उपटायची, मुळं पाण्यात हलवायची, आणि त्याच जागी बोटभर खोल पुन्हा लावायची. एकेक करत. महिपतने वळून बघितलं नाही. चिखलातून चूड निघतानाचा आवाज येत होता, मग थोडी शांतता, आणि मग पुढच्या चुडाचा.